उजवी बिजागरी तिसऱ्यांदा गेली. वॉरंटीत तोच भाग पुन्हा बसवून घ्यावा का?

नोंदवही (वेंगुर्ला) यांचा प्रश्न:

१५.६ इंची, प्लास्टिक बॉडीचा लॅपटॉप. बिल १७ महिन्यांपूर्वीचं, वॉरंटी एकूण ३ वर्षांची (१ मूळची, २ वाढीव). पाचव्या महिन्यात झाकण उघडताना उजव्या बिजागरीपाशी कट्ट आवाज आला आणि तिथली फट रुंदावली. वॉरंटीत कीबोर्डसकट वरचं कव्हर बदलून मिळालं. अकराव्या महिन्यात तीच जागा, तोच आवाज, पुन्हा तेच कव्हर. आता तिसरी वेळ. या खेपेला कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरने पावतीवर 'फिजिकल डॅमेज, सीआयडी' लिहिलं आणि खर्चाचं कोटेशन दिलं. लॅपटॉप पडलेला नाही, त्याला ओरखडासुद्धा नाही. घरी बसून जीएसटी रिटर्न आणि हिशेबाची कामं करण्यासाठी घेतला आहे, पाऊसभर टेबलावरच असतो.

विचारायचं एवढंच: एकाच जागी पुन्हा पुन्हा का तुटतं? हा डिझाइनचा दोष आहे हे दाखवायचं कसं? आणि कंपनी ऐकतच नसेल तर अ‍ॅराल्डाइट लावून मोकळं व्हावं का?

स्क्रूचा डबा (कुडाळ):

तुटलेलं प्लास्टिक हा परिणाम आहे. मूळ दुखणं बिजागरीत आहे आणि ती बहुधा अजून कोणी बदललेलीच नाही.

या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये स्टीलची बिजागरी थेट प्लास्टिकवर बसत नाही. कव्हरला आतून प्लास्टिकच्या छोट्या नळ्या असतात, त्यांना आम्ही बॉस म्हणतो. प्रत्येक बॉसमध्ये गरम करून दाबलेला पितळी नट असतो. बिजागरीचे एम२ किंवा एम२.५ मापाचे स्क्रू त्या नटांत जातात. झाकण उघडताना बिजागरी जेवढा विरोध करते तेवढा सगळा ताण या नटांवर येतो आणि ते नट प्लास्टिकमधून उपटायला बघतात.

हिशेब करून बघा. झाकणाच्या वरच्या कडेला ६०० ग्रॅमचा जोर लावला आणि ती कड बिजागरीच्या दांड्यापासून २२ सेंटिमीटरवर असली, तर पीळ झाला १३.२ किलो-सेंटिमीटर. दोन बिजागऱ्यांत वाटला तर प्रत्येकी ६.६. आता नट दांड्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर असतात, म्हणजे एका बाजूच्या नटांवर उपटणारं बळ साधारण ४.४ किलो. दिवसाला २० वेळा उघडझाक धरली तर वर्षाला ७,३०० वेळा. ज्याला सवयीने उजव्या कोपऱ्याला धरून झाकण उचलायचं असतं त्याच्या उजव्या बिजागरीवर निम्म्याहून बराच जास्त वाटा येतो. तुमची उजवीच का जाते ते यात आलं.

बिजागरीच्या दांड्यावर वॉशरची चळत असते, मध्ये ग्रीस आणि टोकाला घट्ट नट. घर्षणामुळेच झाकण हव्या त्या कोनात थांबतं. ग्रीस सुकलं किंवा वॉशरवर गंज धरला की विरोध वाढतो. आपल्याकडे हे लवकर होतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून ओलं होतं, आणि समुद्राकाठच्या घरात मिठाचा बारीक थर कुठे नसतो? जून ते सप्टेंबर तो थर ओलाच राहतो. डिझाइन करणाऱ्याने वेंगुर्ल्याचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवलेला नसतो.

तेव्हा आधी दोन गोष्टी करा. एक, दोन्ही जुनी जॉबशीट, म्हणजे सेंटरने दिलेले दुरुस्तीच्या नोंदीचे कागद, काढून बदललेल्या भागांची नावं वाचा. फक्त 'टॉप कव्हर' (वरचं कव्हर) आहे की 'हिंज किट' (बिजागऱ्यांचा संच) सुद्धा? हे दोन वेगळे भाग असतात, त्यांचे पार्ट नंबरही वेगळे. नवं कव्हर आणि जुनीच ताठर बिजागरी अशी जोडी लावली तर नवं कव्हरही त्याच वाटेने जाणार.

दोन, जोर मोजा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा मिळतो, तो चालेल. पडदा बरोबर उभा ठेवा, ९० अंशात, म्हणजे झाकणाचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही. वरच्या कडेच्या मधोमध सुतळीचा फास टेपने चिकटवा, एकाने खालचा भाग टेबलाशी दाबून धरावा, दुसऱ्याने काटा पडद्याशी काटकोनात हळू ओढावा. झाकण हलताना जो आकडा स्थिर राहतो तो घ्या, सुरुवातीचा झटका सोडून द्या. पाचदा मोजा आणि मधला आकडा लिहा. मात्र फट आधीच उघडी असेल तर तुटलेल्या बाजूवर फार प्रयोग नकोत. तिथूनच पडद्याची केबल जाते आणि ती चिमटली की पडदा लुकलुकायला लागतो.

आकडा किती असावा याला सगळ्या मॉडेलना लागू असं उत्तर नाही. त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप मिळाला तर त्याच्याशी तुलना करा.

जॉबशीट बघून लिहितोय (रत्नागिरी):

वरचं बरोबर आहे. मी कागदाच्या बाजूने लिहितो, कारण अशी प्रकरणं कागदावर हरतात.

'सीआयडी' म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, ग्राहकाने केलेलं नुकसान. हा शब्द पावतीवर आला की वॉरंटीचं दार बंद. तो बहुतेक वेळा फोटो बघून लिहिला जातो: प्लास्टिक फुटलंय, वॉरंटीच्या अटींत फुटलेलं प्लास्टिक येत नाही, विषय संपला. यावर 'पडला नाही हो' असं तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी तीन प्रश्न विचारा. बाहेरून आघाताची खूण नेमकी कुठे आहे, तिचा फोटो द्या. आधीच्या दोन दुरुस्त्यांत बिजागरी बदलली होती का, पार्ट नंबर द्या. नसेल तर का नाही? ईमेल कंपनीच्या मुख्य तक्रार पत्त्यावर, प्रत सर्व्हिस सेंटरला. विषयात सीरियल नंबर आणि जुने दोन्ही कॉल नंबर घाला, म्हणजे ती 'नवी तक्रार' म्हणून पहिल्या पायरीवर परत जात नाही.

आघाताने फुटलेलं आणि आतून उपटलेलं, यांत फरक डोळ्यांनी दिसतो. लॅपटॉप पडला असेल तर कोपरा दबतो, कडेला पांढरट चुरा दिसतो, तडा बाहेरून आत जातो. बिजागरीच्या ताणाने गेलं असेल तर कव्हर बाहेरून सरळ राहतं, खालचं आणि वरचं कव्हर त्या कोपऱ्यात एकमेकांपासून सुटतं आणि आत पितळी नट प्लास्टिकच्या तुकड्यासकट स्क्रूला लटकलेला सापडतो. सेंटरवाल्यांनी उघडल्यावर त्या जागेचा फोटो तुमच्यासमोर काढायला सांगा. लटकलेला नट हा तुमचा सर्वांत बोलका पुरावा आहे. तो तुकडा फेकू देऊ नका.

पुढच्या वेळी लॅपटॉप देताना: चारही कोपरे, झाकण आणि तळ यांचे फोटो काउंटरवरच काढा आणि आवक पावतीवर 'बाह्य आघाताची खूण नाही' हे लिहून घ्या. तक्रारीच्या रकान्यात तो मुलगा 'हिंज ब्रोकन' लिहील. तसं लिहू देऊ नका. 'झाकण उघडताना जास्त विरोध, त्यामुळे उजव्या कोपऱ्यात कव्हर सुटतं, तिसरी वेळ' असं लिहायला लावा. 'ब्रोकन' या एका शब्दाने पुढचे दोन महिने जातात.

डेटाची नक्कल आधी घ्याच. आणि बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. वरचं कव्हर बदलायचं म्हणजे बोर्डासकट सगळं बाहेर येतं. बोर्ड बदलला किंवा बायॉस रीसेट झाला तर विंडोज ती की मागतं आणि ती नसेल तर डेटा गेला. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे कळलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

अजून एक. 'ऑनसाइट' वॉरंटी असली तरी तुमचा पिनकोड तिच्यात येतो का हे वाढीव वॉरंटीच्या कागदावर बघा. येत असेल तर तंत्रज्ञ घरी यायला हवा, घाट चढून कोल्हापूरला जायची गरज नाही.

नोंदवही (वेंगुर्ला):

दोन्ही जॉबशीट पाहिली. दोन्हींवर एकच ओळ: कीबोर्डसकट टॉप कव्हर. हिंज किट कुठेच नाही.

काट्यानेही मोजलं. कड दांड्यापासून २३ सेंटिमीटरवर. माझा आकडा ९५० ग्रॅम. याच मॉडेलचा, दुकानात डेमोला ठेवलेला लॅपटॉप दुकानदाराने मोजू दिला, तो ५२० ग्रॅम. व्हिडिओ काढला आहे, त्यात काटा आणि सीरियल नंबर दोन्ही दिसतात.

स्क्रूचा डबा (कुडाळ):

९५० गुणिले २३ म्हणजे जवळजवळ २२ किलो-सेंटिमीटर. डेमोचा १२. एवढा फरक नुसत्या हाताला कळायला हवा होता. कव्हर बदलून दिलं, पण बिजागरीला हात कोणी लावला नाही, असा याचा अर्थ. दीड सेंटिमीटरच्या हिशेबाने तुमच्या नटांवर एका बाजूला सात किलोच्या वर ताण येतोय.

दफ्तर (ओरोस):

मग भांडणाचा मुद्दाच बदलतो, आणि तुमच्या बाजूने बदलतो.

लोक 'डिझाइन डिफेक्ट' हा शब्द धरून बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे आणि कलम ८४ मध्ये सदोष डिझाइनचा उल्लेखही आहे. पण तिथे 'हानी' या शब्दाची जी व्याख्या आहे, कलम २(२२), तिच्यातून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. लॅपटॉपने पेट घेऊन टेबल जळलं तर ते प्रकरण कामाचं. लॅपटॉपचीच बिजागरी तुटली तर नाही. त्या वाटेने गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम वाचून दाखवेल.

तुमची वाट साधी आहे. कलम २(१०) खाली वस्तूतला दोष आणि कलम २(११) खाली सेवेतली त्रुटी. डिझाइन वाईट आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागतो, हजारो लॅपटॉपचा हिशेब मागितला जातो. पण दोनदा दुरुस्ती करताना कारण तसंच ठेवून फक्त परिणाम बदलला, हे तर त्यांच्याच जॉबशीटवर छापलेलं आहे. त्रुटीवर जोर द्या. डिझाइनचा मुद्दा एका परिच्छेदात येऊ दे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नका. कलम ३९ खाली ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो. तिन्ही मागण्या पर्यायी म्हणून लिहा.

'तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही' असा एक आक्षेप नक्की येईल. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, कलम २(७) च्या स्पष्टीकरणात ते आहे. तक्रारीत हे वाक्य पहिल्याच पानावर घाला. बिल फर्मच्या नावावर असेल तर एकहाती काम आहे हे जास्त स्पष्ट करा.

क्रम असा ठेवा. आधी वरच्या ईमेलला १५ दिवस. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. ती निकाल देत नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. तेही नाही झालं तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस, विक्रेता, उत्पादक आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस बंगळूरला असलं तरी तुमचं काम सिंधुदुर्गनगरीत होतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील बंधनकारक नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. तिसऱ्या बिघाडापासून मोजलं तरी पहिल्या बिघाडाची तारीख डोक्यात ठेवा, उगाच ताणू नका.

एक धोका सांगतो. कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीला प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि त्याचं शुल्क तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. म्हणून लॅपटॉप आत्ता आहे तसाच हवा. घरी उघडलेला, डिंक लावलेला लॅपटॉप तपासणीला गेला की प्रकरण तिथेच संपलं.

लाटकट्टा (मालवण):

म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, वॉरंटी आहे तोवर अ‍ॅराल्डाइट नाही. आणि फेव्हिक्विक तर कधीच नाही. माका विचारशात तर फेव्हिक्विक लावलास की बिजागरी कायमची धरतली, मगे झाकण उघडूचाच नाय. ते पातळ असतं, ओघळून दांड्यात शिरतं. सुकल्यावर ठिसूळ होतं आणि उपटणारा ताण त्याला झेपत नाही.

स्क्रूचा डबा (कुडाळ):

अ‍ॅराल्डाइटला सरसकट नाही म्हणू नका. वॉरंटी संपल्यावर तीच दुरुस्ती चांगली टिकते, पण क्रम पाळला तर. दहांतले आठ जण आधी डिंक लावतात आणि बिजागरी तशीच ठेवतात. सर्व्हिस सेंटरने केलं तेच.

वॉरंटी संपलेल्यांसाठी म्हणून लिहितो. बंद करून चार्जर काढा, खालचं कव्हर उघडा, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून ठेवा. स्क्रू ज्या जागेवरून निघाला तसे कागदावर चित्र काढून टेपने चिकटवा. ३ मिलिमीटरच्या जागी ५ चा स्क्रू गेला तर तो कीबोर्डच्या बाजूला टोक काढतो. पडद्याची केबल आणि वायफायच्या दोन तारा बिजागरीखालून सोडवा. बिजागरी पूर्ण बाहेर काढा. दांड्याच्या टोकाला नट असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी सैल करा आणि दर वेळी हाताने फिरवून बघा. पत्रा गुंडाळून केलेली, नट नसलेली बिजागरी सैल करता येत नाही, ती बदलायचीच. डब्ल्यूडी-४० फवारू नका. त्याने ग्रीस धुतलं जातं आणि ते प्लास्टिकवर उडालं तर ताणाखालच्या प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात.

बिजागरी मऊ झाली, मगच डिंक. कव्हरच्या आत त्रिकोणी कंसांत प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. पीसी अधिक एबीएस असेल तर अ‍ॅसिटोन नको, तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बॉसभोवतीची जागा ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. पितळी नट बिजागरीलाच स्क्रूने आवळा आणि बिजागरीसकट जागेवर ठेवा, म्हणजे नट वाकडे बसत नाहीत. स्क्रूच्या आट्यांना आधी तेलाचं बोट लावा, नाहीतर स्क्रूही नटात चिकटून बसेल. राळ आणि हार्डनर समान मापाने, २४ तास हलवायचं नाही. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार इथे कमी पडतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे वर तेलकट थर येतो आणि जोड कच्चा राहतो, म्हणून खोक्यात पिवळ्या दिव्याची ऊब देऊन सुकवा. नुसतं कोमट, चटका बसेल इतकं नाही.

बॉस पूर्ण गेलाच असेल तर खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची १ मिलिमीटर जाड पट्टी घेऊन त्यावर नट बसवणारेही आहेत. बळकट होतं. पण किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ एकमेकांना लागून ओल्या मिठात ठेवले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेसची पट्टी घेतली तर हा त्रास फार कमी.

नोंदवही (वेंगुर्ला):

ईमेल पाठवला, तिन्ही प्रश्न आणि मोजणीचा व्हिडिओ जोडून. उत्तर आलं: कव्हर आणि हिंज किट दोन्ही वॉरंटीत बदलतील, पण 'आत गंज दिसतो, पुढची जबाबदारी नाही' असं लिहून द्यायला सांगतात. सही करू का?

जॉबशीट बघून लिहितोय (रत्नागिरी):

त्या शब्दांत नको. 'गंजाचे फोटो पाहिले, मत मान्य नाही, दुरुस्ती स्वीकारतो' असं स्वतःच्या हाताने लिहून सही करा. गंज कुठला ते फोटोत दिसतं: सांडलेल्या पाण्याचा डाग एका जागी आणि कडेने रेघ सोडतो, हवेतल्या ओलाव्याचा हिरवटपणा सगळ्या कनेक्टरवर, विशेषतः पंख्याच्या जाळीजवळ सारखा पसरतो. बऱ्याच लॅपटॉपच्या तांत्रिक पत्रकात ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रतेत वापर चालतो असं छापलेलं असतं, दव साचत नसेल तर. तुमच्या मॉडेलचं ते पान छापून सोबत न्या.

घेताना काउंटरवरच काट्याने मोजा. ५००-६०० ग्रॅमच्या आसपास आला तर घ्या, ८०० च्या वर गेला तर तिथेच परत द्या. आणि जॉबशीटवर हिंज किटचा पार्ट नंबर छापलेला आहे ना, ते सही करण्याच्या आधी बघा.

स्क्रूचा डबा (कुडाळ):

आणि यापुढे झाकण मधोमध धरून उघडा. दर महिन्याच्या १ तारखेला काट्याचा आकडा लिहून ठेवा, ७०० ओलांडला की फुटायची वाट न बघता कॉल टाका.